एका इंजिनाचे दोन जावई

शिवणक्लासच्या बाईंना निकाल द्यायला कधी वेळ लागत नसे. शिकणारीने शिवून आणलेला झगा दोन बोटांनी उचलायचा, खांद्याची शिवण उजेडाला धरायची आणि म्हणायचं, "उसव." की ती मुकाट्याने उसवायला बसायची. पोटच्या दोन मुलींनाही हाच न्याय होता. अशा बाईंची बोलती बंद झाली ती एका मोटारसायकलच्या तेलापायी, आणि बंद केली ती त्यांच्या दोन जावयांनी.

झालं असं. कपाटावरचं कापडाचं गाठोडं काढायला बाई स्टुलावर चढल्या आणि गाठोड्यासकट खाली आल्या. गाठोड्याला काही झालं नाही. बाईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, वाटी तारेने बांधली गेली आणि मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यापट्ट्यांचा एक आधार चढवला गेला. त्यात पाय काठीसारखा सरळ. पुढे आठवड्यातून दोनदा टेकडीवरच्या हॉस्पिटलात जाऊन गुडघ्याला पुन्हा वाकायला शिकवायचं होतं. "काटकोनात वाकला की तुम्ही जिना चढाल," डॉक्टर म्हणाले, "आणि नाहीच वाकला तर पुन्हा भूल देऊन आम्हाला तो वाकवावा लागेल."

मुलींनी त्याच्याही पुढचं ठरवून टाकलं. बाईंचं घर पहिल्या मजल्यावर, जिना उभाच्या उभा. जिना जमला नाही तर घर भाड्याने द्यायचं आणि आईने सहा महिने थोरलीकडे, सहा महिने धाकटीकडे राहायचं. मुली मायेने बोलत होत्या, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण बाईंची नजर भिंतीवरच्या कात्रीकडे गेली. आपली कात्री कुठल्या खिळ्याला आहे हे डोळे मिटून सांगता येतं ते आपलं घर. लेकीच्या घरी कितीही लाड झाले तरी कात्री मागून घ्यावी लागणार. बाईंना आळीपाळीने लाड करून घ्यायचे नव्हते. त्यांना आपल्या घरात राहायचं होतं, आणि ते सगळं आता गुडघ्याच्या एका काटकोनावर येऊन ठेपलं होतं.

पहिलं गाडं अडलं ते टेकडीवर जायचं कसं इथेच. टॅक्सीत बाईंना बसवून बघितलं. पाय दाराबाहेर राहिला. आडवं करून बघितलं, तर डोकं दुसऱ्या दाराबाहेर. टॅक्सीवाला म्हणाला, "आजी, दोन्ही दारं उघडी ठेवून मला चालवता येत नाही हो." तेव्हा थोरल्या जावयांना जिन्याखालच्या मोटारसायकलची आठवण झाली.

ही मोटारसायकल बाईंच्या यजमानांची. ते शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, आणि यंत्रं ने-आण करायला गाडीला शेजारी एक डबा जोडून घेतला होता, तीन चाकांचा संसार. ते गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली पडून होती. थोरले जावई फर्निचरचा कारखाना चालवणारे, लाकडात हात घातला की कुणाचं ऐकायचं नाही. त्यांनी एका सकाळी डब्यात मापाची फळी बसवली, तिच्यावर गादी घातली, आणि बाई पाय लांब पसरून अशा आरामात बसल्या की तशा खुर्चीतही कधी बसल्या नव्हत्या. धाकटे जावई चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांनी वाऱ्याने डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून बाईंच्या नंबरचा, बाजूने बंद असा चष्मा बनवून आणला. मंगळवार थोरल्यांनी घेतला, शुक्रवार धाकट्यांनी. जिन्यावरून बाई बसत-बसत उतरायच्या, एकेक पायरी करत, आणि ज्याचा वार असेल तो जावई पुढे उलटा चालत त्यांचा सरळ पाय तळहातांवर घेऊन उतरायचा. मोठ्या दुकानांची ही कामाची माणसं, आपला धंदा बंद ठेवून सासूचा पाय हातावर झेलतात, या विचाराने बाईंना दरवेळी दोघांचे आभार मानावेसे वाटायचे. तोंडातून मात्र एवढंच निघायचं, "सावकाश चालवा हं."

आता तेलाचं. एवढी वर्षं पडून असलेल्या इंजिनातलं तेल बदलायलाच हवं, यावर दोघं जावई एका मताचे होते. तिथून पुढे एकही मत जुळलं नाही.

"साधं तेल घालायचं," थोरले म्हणाले. सासऱ्यांना दोघंही मामा म्हणत. "मामांनी जन्मभर तेच घातलं. जुनं इंजिन आहे, तेल अडवणारी त्याची सीलं जुनी आहेत. हे नवं महागडं सिंथेटिक तेल फार पातळ. जिथे फट दिसेल तिथून बाहेर येतं."

"दादा, पण टेकडी बघा ना," धाकटे म्हणाले. "शेजारी डबा, डब्यात आई, पहिल्या गिअरमध्ये सगळा चढ. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, आणि वेग नाही म्हणजे वारा नाही. साधं तेल तापून पाण्यासारखं होईल. सिंथेटिक उष्णतेत टिकतं. ते बनवतातच त्यासाठी."

"मामांच्या वेळी टेकडी नव्हती का?"

"मामांच्या वेळी डब्यात यंत्रं होती. यंत्राचा गुडघा नसतो दुखत."

गॅरेजवाल्याला विचारलं. त्याला दोन्ही गिऱ्हाइकं टिकवायची होती. थोरल्यांना तो म्हणाला, तुमचं बरोबर, आणि धाकट्यांना म्हणाला, तुमचंही चूक नाही. मग दोघं वर आले, बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आई, गाडी तुमची. तुम्ही सांगाल ते."

बाईंनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. दुसरं कुणी असतं तर "उसव" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. पण हे जावई. जावयाला नाही कसं म्हणायचं? त्यातून यांचे उपकार असे की एकाला हो म्हणावं तर दुसऱ्याच्या तळहातावरचा आपला पाय आठवावा. बाई कात्रीत सापडल्या. "मला मेलीला काय कळतंय तेलातलं," त्या म्हणाल्या. "आमचं तेल म्हणजे यंत्राचं. दोन थेंब सोडायचे, जास्त झालं तर फडक्याने पुसायचं. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." आणि तोंडात गुळणी धरून बसल्या.

योग्य वाटेल ते दोघांनीही केलं. बाईंची दिवसभराची जागा म्हणजे गॅलरीतली खुर्ची, पाय समोर स्टुलावर, त्याच अपराधी स्टुलावर. तिथून खालचं अंगण ताटातल्यासारखं दिसायचं. सोमवारी संध्याकाळी थोरले आले, इंजिनाखाली पसरट डबा सरकवला, बोल्ट काढून जुनं काळं तेल सोडलं आणि आपलं साधं तेल ओतलं. गुरुवारी संध्याकाळी धाकटे आले. डबा सरकवला, एकदाच वापरलेलं ते मधासारखं तेल सोडलं आणि सिंथेटिक ओतलं. पुढच्या सोमवारी थोरल्यांनी तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला, नाक मुरडलं, आणि सगळं सिंथेटिक काढून पुन्हा साधं भरलं. हे असं सुरू झालं ते सुरूच राहिलं. दोघांनाही दुसऱ्याचं कळलेलं, पण एकमेकांना ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. काढलेलं तेल टाकवत कुणालाच नव्हतं. धाकट्यांच्या उंची सिंथेटिकवर थोरल्यांच्या कारखान्यातल्या करवती गुळगुळीत चालू लागल्या, आणि थोरल्यांच्या साध्या तेलाने धाकट्यांच्या इमारतीतलं एकही बिजागर कुरकुरेनासं झालं.

तेल बदललं की दोघंही वर चहाला यायचे, आपापल्या संध्याकाळी. "उद्या बघा आई, गाडी कशी पळते!" थोरले म्हणायचे. "उद्या ऐका आई, आवाज कसा मऊ येतो!" धाकटे म्हणायचे. बाई दोघांनाही म्हणायच्या, "हो ना." खोटं नव्हतं ते. आठवड्यातून दोनदा तेल बदललेलं इंजिन दुसरं काय करणार? राजाच्या हत्तीलाही कुणी इतकं जपलं नसेल. बाईंना यात गंमत वाटायची, आणि मनात खोल कुठेतरी बरंही वाटायचं. यजमान गेल्यावर संध्याकाळी चहाचं आधण कुणासाठी ठेवायचं हा प्रश्नच होता. आता सोमवारचा माणूस ठरलेला होता, गुरुवारचा ठरलेला होता. मी बोलले तर हे थांबेल, असं त्यांना वाटे, आणि त्या आणखीनच गप्प बसत.

गुडघा मात्र ऐकत नव्हता. हॉस्पिटलात व्यायाम घेणारी एक उंच, हसरी मुलगी होती. ती कोनमापक घेऊन बसायची आणि म्हणायची, "आजी, अजून थोडा." पण तिचे हात गुडघ्याला लागले की बाईंचा श्वास अडकायचा, मांडी दगड व्हायची. काटकोनाच्या अलीकडे येऊन गुडघा हटून बसला. "वाकायची ताकद आहे हो तुमच्यात," ती मुलगी म्हणायची. "भीती आड येते." शेवटी डॉक्टरांनी एक मंगळवार ठरवला. त्या दिवशी शेवटचं माप. काटकोन झाला तर जिना मोकळा, नाहीतर भूल. आणि जिना नाही तर मुलींचं सहा-सहा महिन्यांचं वेळापत्रक तयारच होतं.

त्या मंगळवारी दोघं जावई सोबत येणार होते. आणि आदल्या संध्याकाळी घोटाळा झाला.

नेहमीप्रमाणे थोरले आले. त्यांनी धाकट्यांचं तेल सोडलं, आपलं भरलं, रिकामा कॅन पिशवीत टाकला, आणि खालच्या डब्यातलं तेल निवेपर्यंत चहा घ्यावा म्हणून वर आले. ते आत खुर्चीवर बसून बिस्किट बुडवत होते आणि बाई गॅलरीत. तेवढ्यात खाली धाकटे आले. एरवी सोमवारी न येणारे. उद्याची चढण महत्त्वाची, उद्या इंजिनात सिंथेटिकच हवं, म्हणून खास आले होते. त्यांनी बघितलं, इंजिनाखाली तेलाने भरलेला डबा, जिन्याशी दादांच्या चपला. त्यांची समजूत अशी झाली की दादांनी तेल सोडलंय, भरायचं बाकी आहे, आणि तेवढ्यात चहाला वर गेलेत. अशी संधी पुन्हा कधी येणार? त्यांनी इंजिनाचं टोपण फिरवलं आणि हातातला अख्खा कॅन आत रिकामा केला. पातळी बघायची पट्टी असते, ती बघितली नाही. टोपण लावलं आणि चोरपावलांनी गेले.

बाईंनी हे सगळं वरून बघितलं. एका हाकेचं काम होतं. पण हाक मारली की थोरले बाहेर येणार, धाकटे पकडले जाणार, आणि ज्या दिवशी दोघं एकत्र हवेत त्याच्या आदल्या दिवशी दोघांची तोंडं दोन दिशांना होणार. ओतलं तर ओतलं, बाईंनी मनाशी म्हटलं. जास्त झालं तर बाहेर येईल, कुणीतरी पुसेल. जन्मभर शिवणयंत्राला तेल घातलेल्या बाईला दुसरं काय वाटणार! थोरल्यांना त्यांनी आणखी एक बिस्किट दिलं.

सकाळी गाडी सुरू झाली ती ढेकर देत. मागून निळसर धूर आला. "गारठा आहे," थोरले म्हणाले. धाकटे मागच्या सीटवर बसले, बाई डब्यात पाय पसरून. सपाटीवर कसंबसं निभावलं. चढ लागला तशी गाडी जड झाली, खोकू लागली, धुराचा लोट वाढत गेला. मागच्या बसमधले लोक खिडक्या लावू लागले. टेकडीच्या अर्ध्यावर, रस्त्याखालून ओढा जाणाऱ्या एका मोरीपाशी, इंजिनाने शेवटचा आचका दिला आणि ते बंद पडलं. बाजूच्या नळीतून तेलाचा फेस बुडबुडत बाहेर येत होता.

दोघं उतरले. दोघांनी वाकून नळीकडे बघितलं. मग इतक्या आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

"बघा! तुमच्या सिंथेटिकने सीलं कशी ढिली केलीत!"

"माझं कुठलं? काल तुम्ही सोडलंत ना ते? हे साधं जळतंय, दादा. धुराचा वास घ्या!"

"म्हणजे काल माझ्या मागे तुम्ही हात लावलात गाडीला?"

"तुम्ही दर सोमवारी लावता त्याचं काय?"

"मी मोठा आहे!"

"इंजिनाला ते कळत नाही!"

इकडे बाई धुरात. नाकातोंडात तेलाचा वास, डोळ्यांतून पाणी, वर चढणारा दिवस आणि हॉस्पिटलातली वेळ निघून चाललेली. त्यांनी एकदा हाक मारली, "अहो..." कुणाचं लक्ष नाही. दुसऱ्यांदा मारली, नाही. मग बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर आला राग. त्या डब्याची कड धरून उठू लागल्या, तर पायाच्या आधाराची पट्टी फळीत अडकली. फर्रकन पट्ट्या सोडल्या, आधार काढून डब्यात भिरकावला, एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, आणि ताडताड दोन पावलं जाऊन मोरीच्या बुटक्या कठड्यावर बसल्या.

"गप्प बसा!" बाई कडाडल्या. "गाढवांनो! दोघांनीही तेल ओतलंय. आधी तू भरलंस आणि वर चहा ढोसायला आलास. मग तू आलास, न बघता न विचारता त्याच्यावर आणखी एक कॅन उपडा केलास. आणि मी... मी तिसरी गाढव. वरून सगळं बघत बसले. एक शब्द बोलले नाही. का, तर म्हणे जावई! जावयांना कसं बोलायचं! त्या इंजिनाचा गळा भरलाय मेल्यांनो, काढा ते तेल!"

रागाच्या भरात अहो-जाहो जे गळून पडलं ते पुन्हा काही परत आलं नाही, तेव्हा आपणही आता थोरला आणि धाकटा म्हणायला हरकत नाही.

दोघंही तोंड उघडं टाकून उभे होते. पण ते बाईंच्या तोंडाकडे बघत नव्हते.

"आई," थोरला हळूच म्हणाला, "हलू नका."

त्याने सीटखालच्या पिशवीतून आपला गुण्या काढला. लाकडाचा कोपरा सरळ आहे की नाही ते बघायचं सुताराचं लोखंडी माप, त्याच्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. तो रस्त्यावर उकिडवा बसला आणि त्याने गुण्या बाईंच्या गुडघ्याला लावला. एक पट्टी मांडीला टेकली. दुसरी पोटरीला टेकली. मधे नख जाईल एवढीही फट नव्हती.

"बसला," थोरला म्हणाला. "चोख बसला."

बाईंनी खाली बघितलं. आपला पाय, वाकलेला, तळवा जमिनीवर. भांडणाच्या तावात, कुणी न धरता, कुणी न मोजता. त्यांना रडू कोसळलं. धाकटा पुढे आला, काय करावं सुचेना म्हणून त्याने बाईंच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

पुढचं काम दोघांनी एका हाताचं असावं तसं केलं. थोरल्याने पाना काढला, बोल्ट जरा सैल केला, धाकट्याने बाईंची पाण्याची बाटली रिकामी करून खाली धरली. गरम तेल बोटावर आलं तसा धाकटा ओरडला. थोरल्याने त्याचं बोट धरून फुंकर घातली आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आवळला. बाटली रस्त्याकडेच्या रिकाम्या डब्यात ओतायची, पुन्हा खाली धरायची, पट्टी बघायची. बाटलीत जे येत होतं ते कुणाचं, हे आता ओळखता येत नव्हतं. थोरल्याने सवयीने थेंब बोटांत चोळला, धाकट्याकडे बघितलं आणि दोघांनाही हसू आलं. इंजिनाला हवा गाळून देणारी जाळी तेलाने निथळत होती, ती बाईंच्या रुमालाने पुसली. पट्टीवरच्या खुणेला तेल आलं, तेव्हा थोरल्याने किक मारली. पाच-सहा किका वाया गेल्या. मग इंजिनाने भलामोठा निळा ढग सोडला, खाकरून घसा मोकळा केला आणि ठेक्यात चालू लागलं.

हॉस्पिटलात पोचायला उशीर झालाच. त्या उंच मुलीने कोनमापक लावला, बाईंनी श्वास अडवला नाही, आणि मुलगी टाळी वाजवून डॉक्टरांना बोलवायला धावली. भूल टळली. आता हळूहळू, कठडा धरून, पायाने जिना चढायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. "काय केलंत एका आठवड्यात?" त्यांनी विचारलं. थोरल्याने पिशवीतला गुण्या आणखी खाली सरकवला.

घरी परतल्यावर बाई जिना चढल्या. एका हाताने कठडा, एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. मागे दोन पायऱ्यांवर दोन जावई, चारही हात पसरून, पण लावत नव्हते. वर पोचल्यावर बाईंनी दोघांना बसवलं, आधण ठेवलं आणि बोलायचं ते बोलून टाकलं.

"मला हे कधीच म्हणता आलं नाही. तुम्ही दोघांनी माझा पाय हातावर वागवलात. माझं घर तुमच्यामुळे माझं राहिलं. फार उपकार झाले रे तुमचे. मी आभारी आहे, तुझी आणि तुझी."

थोरला फरशीकडे बघत राहिला. धाकटा उगीच भाजलेलं बोट कुरवाळत बसला. मग थोरला म्हणाला, "ते मिसळलेलं सगळं काढायला हवं आता. मग काय घालायचं, तेवढं सांगा."

बाईंनी या वेळी गॅरेजवाल्याला फोन लावला आणि त्याला असं खडसावलं की त्याने एका दमात खरं सांगून टाकलं. डब्यावर मोटारसायकलचं तेल असं लिहिलेलं हवं, कारण क्लच त्याच तेलात भिजतो. जाडीचा नंबर इंजिनाला सांगितलेला तोच हवा, पातळी खुणेवर हवी आणि बदल वेळेवर. चढ, उष्णता, लांबचा प्रवास रोजचा असेल तर सिंथेटिक घ्या. नाहीतर साध्याने या इंजिनाचं काही अडत नाही, आणि पुढचं सील तसंही पाझरायला लागलंय.

बाईंनी फोन ठेवला. "टेकडी संपली," त्या म्हणाल्या. "आता ही गाडी बाजारापर्यंत जाणार आणि परत येणार. साधं तेल घालायचं." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "तुझं नाही घालायचं. टेकडीपुरतं तुझं म्हणणं खरं होतं, पण आता नाही. तुझे उरलेले कॅन घरीच ठेव."

धाकट्याने मान डोलावली. थोरल्यालाच अवघडल्यासारखं झालं. जिंकण्याची त्याला एवढी घाई होती, आणि आता ते जिंकणं हातात धरवेना.

रविवारी सकाळी तिघं अंगणात होते. बाई स्वतःच्या पायांनी जिना उतरून आल्या होत्या आणि मोटारसायकलच्या डब्याला टेकून उभ्या होत्या. थोरल्याने नरसाळं धरलं होतं आणि साधं तेल धाकटा ओतत होता, धार बारीक, मधे थांबून पट्टी बघत.

"वाईट वाटलं का रे?" थोरल्याने विचारलं. बाईंना ऐकू जाणार नाही असा त्याचा समज होता.

"कशाचं?"

"आईंनी तुला तोंडावर नाही म्हटलं त्याचं."

धाकट्याने कॅन सरळ केला. "दादा, माझी आई मी लहान असतानाच गेली. लग्न झाल्यापासून या घरात मला सगळे हो म्हणतात. चहा घ्या, पंख्याखाली बसा, तुम्ही म्हणाल तसं. पाहुण्याला म्हणतात ना, तसं. मंगळवारी पहिल्यांदा कुणी मला नाही म्हटलं. गाढव म्हटलं." त्याने पट्टी पुन्हा बघितली. तो नुसता हसला. "मला किती बरं वाटलं काय सांगू."

बाईंनी ते शब्दन् शब्द ऐकलं. डोळे पुसायला रुमाल शोधला तर तो तेलाने माखून कधीच टाकून दिलेला. त्यांनी मनगटाने डोळे पुसले आणि पुढे आल्या. नरसाळ्याखालून तेलाची एक धार इंजिनावरून ओघळून फरशीवर आली होती.

"हे कोण पुसणार?" बाई धाकट्याला म्हणाल्या. "मी?"

धाकट्याने फडकं घेतलं आणि गुडघे टेकून पुसायला बसला.